रिकाम्या बाटल्यांचं झाड

१

हजार गाथांच्या दिवशी गावात कुणी मरत नाही, असं आमच्या नोंग-हायची जुनी माणसं म्हणायची. त्या दिवशी पहाटे चारपासून दिवेलागणीपर्यंत दानी राजाची कथा तेरा अध्यायांत गाऊन सांगितली जाते. एका दिवसात जो ती पुरी ऐकतो, त्याचा पुढचा जन्म सुधारतो. खामसिंगने ती पुरी ऐकली होती. साडेसहाला शेवटची घंटा झाली तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"थिट, या वर्षी पाहुण्या भन्तेंनी राणीचा अध्याय काय गायला रे. मला माझी आई आठवली."

"जेवून जा," मी म्हणालो.

"आधी पोरांना पाणी मिळालं का बघतो. मग जेवतो."

पोरं म्हणजे त्याची गांजाची रोपं. सातच्या सुमाराला तो त्यांच्याच खोलीत पाण्याच्या पिंपाशी पालथा पडलेला सापडला. उजवा हात कोपरापर्यंत ओला होता.

चीवर उतरवून संसारात परतलेल्या माणसाला आमच्याकडे थिट म्हणतात. मी थिट सुवन. विहारातल्या मेणबत्त्या, सतरंज्या आणि ध्वनिक्षेपक माझ्याकडे असतात. त्या दिवशी काय घडलं ते मला सगळ्यात चांगलं माहीत असायला हवं होतं. पण मला काहीच माहीत नव्हतं, आणि त्याचं कारण पुढे येईलच.

जुन्या भातगिरणीच्या गोदामात सात घरांनी मिळून ती खोली उभी केली होती. रुग्णालयाचा परवाना होता. फुलं रुग्णालयात जात, तिथे त्यांचं तेल होई आणि ते लहान तपकिरी बाटल्यांतून कर्करोगाच्या आजाऱ्यांना मिळे. आमच्याकडच्या उन्हात दिवसा दिवे लावले तर खोलीची भट्टी होते. म्हणून तिथे दिवे लागत ते संध्याकाळी सहाला, रोज त्या वेळी वाजणाऱ्या राष्ट्रगीताच्या सुरावर, आणि विझत सकाळी सहाला. आमचा दिवस ही त्या रोपांची रात्र.

पाणी आधी खामसिंग झारीने घालायचा. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या सुनेने, वांदीने, ठिबक बसवलं. कोपऱ्यात पिंप, पिंपात पंप, तिथून नळ्या आणि नारळाच्या भुशाने भरलेल्या प्रत्येक कुंडीत दोन बारीक तोट्या. भिंतीवर दोन टायमर, दातेरी चकतीची. एक दिव्यांचं, एक पाण्याचं. दिवे लागले की पंधरा मिनिटांनी पंप सुरू व्हायचा आणि दहा मिनिटांनी बंद. हजार गाथांच्या दिवशी कुणाला उठून जावं लागू नये म्हणून, असं ती सांगायची.

सासऱ्याला शोधत तीच तिथे पोचली. पंप घुरघुरत होता. तिने आधी पंपाची पिन ओढली, मग त्यांना हात लावला. पिंपातल्या वायरीचं कवच दोन बोटं सोलवटलेलं होतं.

"वायर तुझी, पंप तुझा, जोडणी तुझी," फौजदार निरुत तिला म्हणाला. "आणि आत शिरल्या-शिरल्या आधी पिन ओढायची हे तुला बरं सुचलं?"

२

प्रेत विहाराच्या मंडपात ठेवलं. तीन दिवसांनी दहन ठरलं. फौजदार माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या वरिष्ठांना उत्तर हवं होतं.

"दहनापर्यंत थांबतो," त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. "त्यानंतर हिला न्यावं लागेल. हलगर्जीपणाने मृत्यू. आणि हलगर्जी नसेल तर त्याहून वाईट. सासऱ्याशी तिचं रोज वाजायचं म्हणे."

वाजायचं हे खरं होतं. वांदीचा नवरा कोरियात मुळ्याच्या शेतावर होता. घरात ती, चार वर्षांची मुलगी आणि सासरा. वांदी तुरुंगात गेली तर त्या मुलीला सांभाळायला उरणार होती ती विहारातली मांजरं आणि मी.

वांदी मंडपाच्या पायरीवर बसली होती. तिच्या शेजारी आमच्या विहारातल्या व्रतस्थ बाई, मे-ची लामून बसल्या होत्या. पांढरं वस्त्र, मुंडण केलेलं डोकं, वय चौसष्ट, गुडघे दुखरे. व्रत घेण्याआधी तीस वर्षं त्यांनी रॉय-एतच्या बाजारात नवऱ्याच्या जोडीने घड्याळं दुरुस्त केली होती. प्रवचनाचं वेड माझ्याइतकंच. पण गुडघ्यांमुळे मंडपात बसवत नाही, म्हणून त्या सणाच्या दिवशी स्वयंपाकघरात वाटीला वाटी लावत कर्ण्यावरून ऐकतात.

"भांडण कशावरून व्हायचं, पोरी?" मे-चींनी विचारलं.

"हातावरून," वांदी म्हणाली. "पंप चालू असताना बाबा पिंपात हात घालायचे. पाणी गार आहे की कोमट ते बघायला. मी म्हणायची, बाबा, विजेचं काम आहे, हात घालू नका. ते म्हणायचे, झारी घेतलीस, आता हात पण घे."

"हे गावात कुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. बाबा स्वतःच सांगत फिरायचे. सुनेने मला बिनकामाचा केला म्हणून हसवायचे लोकांना."

"आणि पिन आधी ओढायची हे कुणी शिकवलं?"

"प्रायून गुरुजींनी. शाळेत. विजेच्या कामाचा तास तेच घ्यायचे." तिने डोळे पुसले. "मे-ची, एक सांगू? मी गेले तेव्हा पंप चालू होता. सात वाजत होते. पण तो सव्वासहाला लागून सहा पंचविसाला बंद व्हायला हवा. मी फौजदारांना सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे टायमरही चुकीचंच बसवलंस."

मे-चींनी हातातली जपमाळ थांबवली.

"थिट," त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी सहाला मला गोदामात ने. विहारातलं घड्याळ बरोबर घे."

३

सकाळी सहाला आम्ही गोदामाच्या दारात उभे होतो. दूर शाळेकडे कोंबडे आरवत होते. फटीतून पिवळा उजेड येत होता. सहा वाजले. दिवे विझले नाहीत.

"बिघडलेलं दिसतंय," मी म्हणालो.

"गप उभा राहा. प्रवचनात बसतोस तसा."

आम्ही उभे राहिलो. सहा वाजून चाळीस मिनिटांनी टक् आवाज झाला आणि खोली अंधारली.

मे-चींनी खिशातून बॅटरी काढली आणि दोन्ही चकत्यांवर धरली. विहारातलं घड्याळ शेजारी ठेवलं. दिव्यांची चकती चाळीस मिनिटं मागे होती. पाण्याची चकतीही चाळीस मिनिटं मागे.

"घड्याळ बिघडतं तेव्हा आपापल्या स्वभावाने बिघडतं," मे-ची म्हणाल्या. "एक पुढे जाईल, एक रेंगाळेल. दोन्ही सारखीच मागे असतील तर ती बिघडलेली नाहीत, कुणीतरी थांबवली होती. ही चकत्यांची टायमरं विजेवर फिरतात. वीज गेली की जागच्या जागी थांबतात, आली की तिथूनच पुढे चालतात. वांदीने त्यांची वेळ शेवटची कधी जुळवली होती?"

"सणाच्या आदल्या संध्याकाळी. राष्ट्रगीताच्या सुरावर. मी इथेच होतो."

"मग त्यानंतर चाळीस मिनिटं वीज नव्हती. काल गावात वीज गेली होती का?"

"एक क्षणही नाही. गेली असती तर कर्णा बंद पडला असता. पहाटे चारपासून साडेसहापर्यंत तो अखंड चालू होता. ती जबाबदारी माझी."

"म्हणजे वीज फक्त या खोलीची गेली." त्यांनी बॅटरी दाराबाहेरच्या मुख्य बटनाकडे वळवली. "दिवसा इथे अंधारच असतो. कुणी बटन पाडलं तरी बाहेरून कळायचं नाही. थिट, पाण्यातल्या वायरीचं कवच कुणी मुद्दाम सोलायचं ठरवलं, तर तो आधी काय करेल?"



"वीज बंद करेल," मी म्हणालो. "नाहीतर तोच मरेल."

"आपोआप झिजणाऱ्या वायरीला वीज बंद करावी लागत नाही." मे-ची हळूहळू खाली टेकल्या. "आणि आणखी एक वाईट गोष्ट आहे. काल प्रवचन लांबलं. खामसिंग पावणेसातला इथे आला. टायमर वेळेवर असतं तर पंप तोवर कधीच बंद झाला असता आणि त्याने गार पाण्यात हात बुडवून पाहिला असता, इतकंच. खुनी चाळीस मिनिटं इथे होता म्हणून पंप चाळीस मिनिटं उशिरा, सातला पाच कमी असताना लागला, आणि खामसिंग बरोबर त्यात सापडला."

खून हा शब्द आमच्या गावात त्या खोलीत प्रथम उच्चारला गेला. मे-चींनी तो जप म्हणावा तसा हळू उच्चारला.

४

किल्ली खामसिंगच्या ओट्यावर खिळ्याला टांगलेली असायची. सणाच्या दिवशी सगळी घरं उघडी आणि रिकामी. किल्ली कुणीही घेऊ शकला असता. प्रश्न एवढाच होता की कधी.

गोदामाच्या भिंतीला लागून सोम आजीचं घर आहे. आजीचे पाय गेले आहेत आणि डोळेही. ती खाटेवर पडून कर्ण्यावरून प्रवचन ऐकते. आम्ही गेलो तेव्हा ती चिकट भाताचा गोळा बोटांनी वळत होती.

"खामसिंग गेला ना," ती म्हणाली. "मला त्याला हात जोडायचे होते."

"कशासाठी, आजी?" मे-चींनी विचारलं.

"त्याच्या खोलीचा पंखा आहे ना, तो रात्रंदिवस भूंऽऽ करतो. दोन वर्षं झाली, मला अर्धं प्रवचन ऐकू येत नाही. मी त्याला म्हणायची, मेल्या, माझं पुण्य खातो तुझा पंखा. तो म्हणायचा, आजी, पंखा बंद केला तर रोपं गुदमरतात. पण काल राणीच्या अध्यायाला त्याने पंखा बंद ठेवला. न सांगता. मी ऐकलं ग, शब्द न् शब्द ऐकला."

मी मे-चींकडे पाहिलं. त्या पुढे सरकल्या.

"पूर्ण अध्याय, आजी?"

"छे. राणी फळं आणायला वनात शिरली, तिच्या हातातली कुदळ निसटली, तिथे पंखा थांबला. मग तिची वाट अडवून तिन्ही श्वापदं बसली, ती त्यांना हात जोडते, ते सगळं आलं. मग ती परत येते आणि मुलं दिसत नाहीत. झाडाखाली बघते, तळ्याकाठी बघते." आजीने भाताचा गोळा खाली ठेवला. "ती बेशुद्ध पडते ना, त्याच्या जरा आधी पंखा परत लागला. मला वाटलं, खामसिंगला रोपांची दया आली असेल."

मे-चींनी डोळे मिटले आणि ओठ हलवत बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या. मीही मनात चाल धरली. पाहुणे भन्ते संथ गातात. कुदळ निसटण्यापासून राणी मूर्च्छित होईपर्यंत.

"चाळीस मिनिटं," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

बाहेर आल्यावर मे-ची म्हणाल्या, "वांदी सुटली. राणीच्या अध्यायाला ती माझ्यासमोर शेवया पिळत होती. स्वयंपाकघरातल्या अकरा बायका साक्षीला आहेत."

"मग तो बँकॉकचा थनात," मी म्हणालो. "दोन महिने खामसिंगच्या मागे लागला होता. फुलं त्याच्या गांजाच्या दुकानाला विक म्हणून. खामसिंगने त्याला दोनदा हाकललं."

थनात आमच्या गावात चकचकीत बूट घालून यायचा. दहनापर्यंत तोही थांबला होता, कारण पोलिसांनी त्याला थांबवलं होतं.

"राणीच्या अध्यायाला कुठे होतात?" मी त्याला विचारलं.

"स्वयंपाकघरात," तो म्हणाला. "काका, खरं सांगतो, मला तुमचं ते गाणं कळत नाही. मी शेवया खात होतो."

"हा खोटं बोलत नाही," मे-ची म्हणाल्या. "चार वाट्या खाल्ल्या. पाचवी मागितली तेव्हा मीच म्हणाले, बाळा, बाकीचेही माणसंच आहेत."

म्हणजे उरला मंडप. आणि मंडपात तीनशे माणसं होती, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. कुणी उठून गेलं असेल तर शेजाऱ्याला दिसलंच असणार.

"तूही होतास, थिट," मे-ची म्हणाल्या. "सांग, राणीच्या अध्यायाला कोण उठलं?"



५

राणीच्या अध्यायाला आमच्याकडे कुणी डोळे उघडे ठेवत नाही. तशी सक्ती नाही, पण राजाने दान देऊन टाकलेल्या मुलांना हाका मारत राणी वनात फिरते आणि भन्ते तो हंबरडा चालीवर चढवतात, तेव्हा माणूस आपोआप हात जोडतो, मान खाली घालतो आणि डोळे मिटतो. जो उघडे ठेवतो तो दगड. मी तर पहिल्या ओळीलाच मिटतो. मला आठवत होते ते फक्त आवाज. भन्तेंचा कंठ. बायकांचे हुंदके. मध्येच कधीतरी ढोल आले, पायरीशी येऊन थांबले, पुन्हा वाजले, पुन्हा थांबले. आणि काहीतरी किणकिणलं. विहाराच्या वळचणीच्या घंटा असतील असं मला वाटलं होतं.

"तीनशे साक्षीदार आणि एकालाही दिसलं नाही," मी म्हणालो. मला लाज वाटली.

"लाजू नकोस. ढोलांचं सांग."

ढोल म्हणजे अवचित दान. शेजारची वस्ती किंवा मंडळी एक झाड सजवते, त्याला नोटा, वह्या, साबण असं काहीबाही बांधते आणि वाजतगाजत येते. त्या क्षणी जो अध्याय चालू असेल, त्याच्या भन्तेंना ते मिळतं. आणि त्या अध्यायाचा जो यजमान असेल त्याने उठून पायरीवर जायचं, पाहुण्यांना पाणी द्यायचं आणि झाड आपल्या हाताने घ्यायचं. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

"या वर्षी राणीच्या अध्यायाचे यजमान कोण होते?" मे-चींनी विचारलं. त्यांना माहीत होतं. त्यांना माझ्या तोंडून हवं होतं.

"प्रायून गुरुजी. बायकोच्या नावाने. मागच्या महिन्यात त्या गेल्या ना."

गुरुजींची बायको पोटाच्या कर्करोगाने गेली. शेवटच्या आठवड्यात तिचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. गुरुजींनी राणीचा अध्याय मागितला तेव्हा मला भरून आलं होतं. नव्वद गाथांच्या नव्वद मेणबत्त्या त्यांच्यासमोर वाळूच्या परातीत मीच रोवून ठेवल्या होत्या.

दुपारी गुरुजी मंडपात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. खामसिंगच्या पेटीला त्यांनी उदबत्ती लावली. मी सतरंजी झटकत राहिलो.

"या गुरुजी," मे-ची म्हणाल्या. "कालचा अध्याय फार रंगला. तुमच्या मंडळींना पोचला असेल."

"पोचू दे," गुरुजी म्हणाले. "तिला राणीचाच आवडायचा."

"माझे गुडघे मेले, मी चुलीपाशी होते. ढोल ऐकले तेवढे. तुमच्या अध्यायाला अवचित दान कुणाचं आलं?"

"खालच्या वस्तीचं," गुरुजी म्हणाले. "दर वर्षी तेच येतात राणीच्या अध्यायाला. मी पायरीवर गेलो, पाणी दिलं, झाड घेतलं. नेहमीचंच, वह्या न् साबण."

"वांदीचं फार वाईट झालं."

"माझीच विद्यार्थिनी." त्यांनी मान हलवली. "हुशार, पण घाई फार. मी वर्गात सांगायचो, स्वस्त वायर घेऊ नका."

 ते गेल्यावर मे-चींनी मंडपाच्या मागच्या खांबाकडे बोट दाखवलं.

"थिट, ते काय आहे?"

खांबाला टेकवलेलं एक झाड होतं. बाकीची झाडं रात्रीच सोडवून झाली होती, पण खामसिंगच्या गडबडीत हे मागेच राहिलं होतं. मी ते उजेडात ओढलं. ते किणकिणलं.

त्यावर ना वह्या होत्या ना साबण. फांदीफांदीला पांढऱ्या दोऱ्याने लहान तपकिरी बाटल्या बांधल्या होत्या. सगळ्या रिकाम्या.

६

दहनाच्या दिवशी सकाळी मे-चींनी फौजदाराला, गुरुजींना आणि वांदीला मंडपात बोलावलं. शेजारी साओवानी बसली होती. ती तालुक्याची, रुग्णालयातल्या आजाऱ्यांपैकी. गळ्याला रुमाल बांधलेला आणि आवाज घोगरा. मध्ये बाटल्यांचं झाड उभं होतं.

"हे झाड कुणाचं, साओवानी?" मे-चींनी विचारलं.

"आमचं. तेल घेणाऱ्या आजाऱ्यांचं. आम्ही पहिल्यांदाच अवचित दान आणलं."

"केव्हा पोचलात?"

"राणी मुलांना शोधत होती तेव्हा. पायरीशी उभे राहिलो. ढोल वाजवला, थांबलो, परत वाजवला. कुणी यजमान आला नाही. सगळे डोळे मिटून बसलेले. शेवटी आम्हीच झाड खांबाला टेकवलं आणि मागे बसलो." ती ओशाळून हसली. "पुण्याच्या दिवशी तक्रार करू नये, म्हणून बोललो नाही."

"आणि खालची वस्ती?"

"त्यांचा ट्रॅक्टर चिखलात रुतला होता, ते दोन अध्याय उशिरा आले," मी म्हणालो. "तेव्हाच्या यजमानांच्या वतीने त्यांचं झाड मी घेतलं."

फौजदार सावकाश गुरुजींकडे वळला. मे-चींनी त्याला दोन घड्याळांचं सांगितलं, पंख्याचं सांगितलं, सोम आजीने ऐकलेल्या ओळी सांगितल्या. आवाज एकदाही चढवला नाही. गुरुजी मांडीवरच्या हातांकडे बघत होते.

"मेणबत्त्या पेटवल्या आणि उठलात," मे-ची म्हणाल्या. "सगळे डोळे मिटून बसणार हे तुम्हाला माहीत होतं. चाळीस वर्षं ऐकताय. परत येऊन बसलात तेव्हा राणी शुद्धीवर येत होती. फक्त पायरीवर कोण येऊन गेलं ते तुम्हाला माहीत नव्हतं. म्हणून नेहमीचं तेच सांगितलंत."

बाहेर चितेची लाकडं रचत होते, त्याचा आवाज येत होता.

"मी एक बाटली मागितली होती," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात असायचा तसाच स्पष्ट होता. "फक्त एक. ती रात्रभर ओरडायची. मी त्याच्या ओट्यावर गेलो, हात जोडले. माझ्याहून लहान माणसाला हात जोडले. तो म्हणाला, नियम आहे गुरुजी, यादीप्रमाणे मिळेल. रुग्णालय म्हणायचं, अजून आलेलं नाही. आणि याच्या ओट्यावर तो बँकॉकवाला बसलेला. मला कळत नव्हतं का तेल कुठे जातंय ते?"

"आणि वांदी?" मी विचारलं. "तिच्यावर येणार हे माहीत होतं ना तुम्हाला?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "अपघात म्हणतील असं वाटलं होतं. तिला धरतील असं नाही."

"तिच्यावर आल्यावरही बोलला नाहीत."

"नाही बोललो."

 वांदी उठली आणि गुरुजींसमोर गुडघ्यांवर बसली, शाळेत बसत असेल तशी.

"गुरुजी, बाटली नव्हतीच," ती म्हणाली.

गुरुजींनी मान वर केली.

"एकही नव्हती. थंडीतलं सगळं पीक गेलं. बाबा झारीने पाणी घालायचे, मन भरेपर्यंत. भुसा ओला आहे की कोरडा ते बघायचेच नाहीत. मुळं कुजली, कुंडी उपटली की वास यायचा. सगळी रोपं आम्ही दोघांनी गिरणीमागे पुरली. बाबांना फार लाज वाटली. म्हणाले, पोरी, कुणाला सांगू नको, चाळीस वर्षं भात लावला आणि मला पाणी घालता येत नाही म्हणतील. रुग्णालयाला सांगितलं की उशीर होतोय. तुम्हाला नियम सांगितला. म्हणून तर मी ठिबक बसवलं. आताचं पीक जगावं म्हणून. तुम्ही ओट्यावरून गेलात ना, त्या रात्री बाबा जेवले नाहीत."

साओवानी झाडाकडे बघत म्हणाली, "चार महिने आम्हाला कुणालाच तेल नाही. म्हणून तर रिकाम्या बाटल्या बांधल्या. या वर्षीच्या पुण्याने भरू देत, असा नवस. पायरीवर यजमान आले असते तर हेच सांगायचं होतं."

गुरुजींनी हात लांबवून एक बाटली धरली. ती बोटांत फिरवली, तळाशी काही आहे का ते उजेडाकडे धरून पाहिलं.

"म्हणजे मी इथेच बसलो असतो..." ते म्हणाले.

"तर हे झाड तुमच्या हातात आलं असतं," मे-ची म्हणाल्या. "दुपारीच. खामसिंग तुमच्यापासून चार सतरंज्यांवर बसला होता."

फौजदाराने त्यांच्या दंडाला हात लावला. गुरुजी उठले. दोन पावलं गेले आणि माझ्यापाशी थांबले.

"थिट, मधला भाग मी ऐकला नाही," ते म्हणाले. "अध्याय तिच्या नावाचा होता. पुरा ऐकला नाही तर तिला पोचत नाही, हो ना?"

मी फौजदाराकडे पाहिलं. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग चितेकडे, आणि तो पायरीवर जाऊन बसला.

मी काही भन्ते नाही. माझा कंठ फाटका आहे. पण मे-चींनी हात जोडले, वांदीने जोडले, आणि गुरुजी सतरंजीवर बसले, हातात ती बाटली तशीच. राणीच्या हातातून कुदळ निसटते तिथून मी धरलं. तिन्ही श्वापदं वाट अडवून बसली. राणीने त्यांना हात जोडले, माझी मुलं उपाशी आहेत, मला जाऊ द्या म्हणाली. ती परत आली. झाडाखाली पाहिलं, तळ्याकाठी पाहिलं.

गुरुजींनी डोळे मिटले नाहीत. मीही मिटले नाहीत. चाळीस मिनिटं मी त्यांच्याकडे बघत गात होतो.